मातीच्या भांड्यातली आठ हजार वर्षं : वाइनचा इतिहास आणि आपला किनारा

माटोळी

द्राक्षाच्या वाइनचा आजवर हाती लागलेला सर्वांत जुना रासायनिक पुरावा जॉर्जियातला आहे. तिबिलिसीच्या दक्षिणेला गदाच्रिली गोरा आणि शुलाव्हेरिस गोरा अशी नवाश्मयुगीन वस्त्यांची दोन टेकाडं आहेत. तिथल्या रांजणांच्या खापरांत टार्टारिक आम्लाचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाचे, अंश मिळाले. पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ते प्रसिद्ध केलं आणि काळ सांगितला इ.स.पू. ६००० ते ५८००. तेव्हा लेखन नव्हतं, गाडीचं चाक नव्हतं, पण रांजणात द्राक्षाचा रस आंबत होता. हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून हा धागा.

मी पणजीत एका हॉटेलचं स्टोअर बघते. आलेला माल मोजायचा, बॅच आणि तारीख रजिस्टरला चढवायची, अबकारीच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या, हे माझं काम. माहेर फोंड्याकडचं, घरात बाटली कधी आली नाही. वाइन माझ्यासाठी खोक्यांची संख्या होती. मग एकदा रेस्टॉरंटमधून पांढऱ्या वाइनची एक बाटली परत आली. तळाशी काचेचे कण आहेत, असं पाहुण्यांचं म्हणणं होतं. आमच्या बारमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने बाटली उजेडाकडे धरली, एक कण काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटाने चुरडून दाखवला. ती काच नव्हती. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल थंडीत पोटॅशियमबरोबर जुळून स्फटिक बनतं आणि खाली बसतं. पोटात गेलं तरी काही होत नाही.

हेच आम्ल मातीच्या भांड्याच्या छिद्रांत शिरतं आणि हजारो वर्षं तिथंच बसून राहतं. जॉर्जियातल्या खापरात जे सापडलं ते आणि माझ्या तळहातावरचा कण, दोघांचं मूळ एकच. माझा नाद तिथून लागला. पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात सुटीच्या दिवशी जाऊन बसायला लागले आणि मिळेल ते वाचत गेले.

वाचताना एक गोष्ट लक्षात आली. हा इतिहास राजवाड्यात सुरू होत नाही, घरात सुरू होतो. इराणच्या झाग्रोस पर्वतात हाज्जी फिरूझ तेपे इथे मातीच्या विटांचं एक घर खणलं, तर स्वयंपाकघराच्या भिंतीलगत जमिनीत बसवलेले सहा रांजण मिळाले, प्रत्येकी साधारण नऊ लिटरचे. काळ इ.स.पू. ५४०० ते ५०००. त्यांत द्राक्षाच्या आम्लाबरोबर एका झाडाचा डिंकही होता. वाइन आंबून शिरका होऊ नये म्हणून तो घालत. कुणीतरी बाई किंवा पुरुष घरच्यांसाठी वर्षभराची बेगमी करत होता आणि ती बिघडू नये म्हणून डोकं लढवत होता. साठवणीचं काम मी रोज करते, त्यामुळे मला त्या माणसाची काळजी अगदी जवळून कळते.

माझा सगळ्यात जीव जडला तो तुतानखामेनच्या कबरीतल्या रांजणांवर. १९२२ साली हॉवर्ड कार्टरने ती कबर उघडली. सोन्याचा मुखवटा सगळ्यांना माहीत असतो. पण तिथे वाइनचे २६ रांजणही होते आणि बहुतेकांवर शाईने नोंद होती : राज्यारोहणाचं कितवं वर्ष, कुठला मळा, नाईल नदीच्या कुठल्या फाट्यावरचा, आणि प्रमुख मद्यकाराचं नाव. काहींवर ‘गोड’ असाही शेरा. चौथं, पाचवं आणि नववं ही वर्षं त्यात पुन्हा पुन्हा येतात. आज माझ्याकडे येणाऱ्या बाटलीवर काय असतं? वर्ष, मळा, प्रांत, उत्पादक. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या कारकुनाने जे रकाने भरले तेच मी भरते. त्या मद्यकारांची नावं टिकली कारण कुणीतरी चोख नोंद ठेवली. दुसऱ्या कुठल्या खाण्यापिण्याच्या वस्तूबाबत इतक्या जुन्या काळातल्या बनवणाऱ्याचं नाव आपल्याला सांगता येईल, मला तर आठवत नाही.

आता आपल्याकडे येते, कारण खरं मला हेच मांडायचं आहे. वाइन ही युरोपातून आलेली साहेबी गोष्ट आहे, असं आपल्याकडे धरून चालतात. पण पाणिनीने कापिशी या गावावरून ‘कापिशायन’, म्हणजे ‘कापिशीचं’, हा शब्द कसा साधतो ते सूत्रात सांगितलं आहे. ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचं आजचं बेग्राम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात ‘मृद्वीकारसो मधु’, म्हणजे द्राक्षाच्या रसाचं ते मधु, अशी सरळ व्याख्या येते आणि लगेच त्याचे दोन प्रकार प्रदेशावरून सांगितले आहेत : कापिशायन आणि हारहूरक. माल कुठला यावरून त्याची ओळख ठरवायची ही पद्धत आपल्या ग्रंथांत आहे, तीही फ्रान्समध्ये मळ्यांच्या सीमा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधी.

ते प्रकरण स्टोअर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. पानगृहात वेगवेगळ्या खोल्या असाव्यात, बसायची सोय असावी, फुलं, सुगंध आणि पाणी असावं, ऋतूप्रमाणे सुखकर असावं. बाहेर न्यायची असेल तर माप ठरलेलं, आणि तीही ज्यांची वागणूक चांगली म्हणून माहीत आहे अशांनाच. उत्सव आणि जत्रेच्या वेळी चार दिवस घरी मद्य करायची मुभा. आजच्या अबकारी नियमांत यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पुढे समुद्र आला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात कोणता माल खपतो त्याची यादी आहे, आणि त्यात वाइन आहे : इटलीची असेल तर उत्तम, शिवाय लाओदिकेयाची आणि अरबस्तानची. राजासाठी वेगळी, उंची. त्याच बंदरात पैठण आणि तेरहून बैलगाड्यांनी माल यायचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती मिळाली, तिच्याबरोबर रोमन धाटणीचा ब्राँझचा सुरईसारखा घडाही होता. टाउन हॉल म्युझियममध्ये ती मूर्ती बघायला मिळते, कोल्हापूरला गेलात तर चुकवू नका.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सापडलेली बरीच खापरं आधी रोमन अँफोराची, म्हणजे दोन कानांच्या उंच रांजणांची, मानली जायची. पुढच्या अभ्यासात त्यांतली पुष्कळशी मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर लावलेल्या लांबट ‘टॉर्पेडो’ रांजणांची निघाली. मला हे जास्त आवडलं. म्हणजे वाइनला आपल्याकडे यायला रोम हा एकच रस्ता नव्हता. इराणी आखात, अरबस्तान, काबूल, सगळीकडून वाटा होत्या. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छतावर परदेशी टोप्या घातलेली माणसं हातात पेला घेऊन बसलेली रंगवली आहेत. ते चित्र मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. आता पुन्हा जाऊन नीट बघायचं आहे.

इथे कुणाला यातलं काही ठाऊक असेल, खापरं असोत, काजूची दारू गाळायच्या भाट्या असोत, द्राक्षाची शेती असो, तर जरूर लिहा. मला शिकायचं आहे.

अंत्रुजकर

माटोळीताई, फार दिवसांनी इतका भरगच्च धागा वाचला. फोंड्याची म्हटल्यावर तर अधिकच आनंद.

दोन शंका. चीनमध्ये याहून जुनं काही मिळालंय, असं वाचल्यासारखं वाटतं. आणि सोमरस म्हणजे वाइनच, असं पुष्कळ जण ठासून सांगतात. तुमचं मत?

माटोळी

अंत्रुजकर, चीनचं बरोबर आहे. हनान प्रांतातल्या जियाहू इथे इ.स.पू. ७००० च्या सुमाराच्या भांड्यांत आंबवलेल्या पेयाचे अंश मिळाले आहेत. पण ते मिश्र पेय होतं : तांदूळ, मध आणि एखादं फळ, द्राक्ष किंवा हॉथॉर्न. म्हणून मी सुरुवातीलाच ‘द्राक्षाच्या वाइनचा’ असं लिहिलं.

सोम मात्र वाइन नव्हे. सोमवल्लीचे देठ कुटून, लोकरीच्या गाळणीतून रस गाळून तो त्याच विधीत वापरायचे, आंबायला ठेवायला वेळच नव्हता. ती वनस्पती कोणती यावर अजून एकमत नाही, पण द्राक्ष नक्की नाही. सुरा वेगळी, सोम वेगळा, हा भेद वैदिक ग्रंथांतच स्पष्ट आहे.

रसशाळा

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून एका मुद्द्यात भर घालतो.

टार्टारिक आम्ल सापडलं म्हणजे द्राक्ष, हे गणित पश्चिम आशियात चालतं, कारण तिथे ते मोठ्या प्रमाणात देणारं दुसरं फळ सहसा नाही. भारतात ते तसंच चालणार नाही, कारण आपल्याकडे चिंच आहे. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचाच. एखाद्या सातवाहनकालीन भांड्यात हे आम्ल मिळालं तर ती इटलीची वाइन की घरची आमटी, हे त्यावरून सांगता येणार नाही. कोकमाचं तसं नाही, त्यात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं. म्हणून आपल्याकडच्या खापरांना भांड्याचा आकार, माती, आतलं अस्तर असे दुसरे पुरावे जोडावे लागतात.

मुलांना मी पाश्चरची गोष्ट हमखास सांगतो. १८४८ साली त्याने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने दोन ढिगांत वेगळे केले. डावे आणि उजवे, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. रेणूंनाही डावं-उजवं असतं ही कल्पना तिथून पुढे वाढली, आणि आज औषधं बनवताना तिचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुरुवात कुठून, तर वाइनच्या पिंपात साचणाऱ्या त्या खड्यांपासून.

माटोळी

सर, चिंचेचा मुद्दा वाचून मी खुर्चीतून उठले! दुपारच्या डब्यात चिंच-गुळाचं वरण होतं.

यावर एक पुढची पायरी माझ्या वाचनात आली. लाल वाइनला रंग देणारं एक द्रव्य आहे, माल्व्हिडिन. जुन्या थरात त्यातून सिरिंजिक आम्ल सुटं करून मोजता येतं. तुतानखामेनच्या एका रांजणातली वाइन लाल होती हे स्पॅनिश संशोधकांनी २००४ च्या सुमारास असंच दाखवलं. चिंचेत माल्व्हिडिन नसणार, म्हणजे आपल्या खापरांना ही कसोटी लावता येईल का?

रसशाळा

तत्त्वतः हो. पण आपल्याकडची माती दमट, पाऊस मुसळधार, आणि बरीचशी खापरं खणून काढल्यावर ब्रशने घासून स्वच्छ धुतलेली. इजिप्तच्या बंद कबरीतला कोरडेपणा कोकणात कुठून आणायचा? न धुतलेलं, नव्या उत्खननातलं खापर मिळालं तरच आशा धरावी.

सत्तरीचा वारा

ताई, तुम्ही काजूच्या भाटीबद्दल विचारलंत. आमची पिढीजात भाटी आहे, वाळपईच्या पुढे. सांगतो.

मार्चपासून मे अखेरपर्यंत आमचा हंगाम. झाडावरून तोडायचं नाही, पिकून पडलेलं बोंडूच उचलायचं. बी काढून बोंडू खडकात कोरलेल्या खळग्यात टाकायचे आणि पायांनी तुडवायचे. खळग्याला उतार असतो, रस आपोआप खालच्या भांड्यात उतरतो. आता पुष्कळ जण सिमेंटचा हौद आणि यंत्र वापरतात, आमच्या डोंगरावरचा आजोबांच्या वेळचा खळगा अजून शाबूत आहे. चोथ्याचा ढीग करून, वेलीने बांधून त्यावर दगड ठेवला की जो निथळतो तो निरो, पिऊन बघाल तर उन्हाचा सगळा शीण जातो. तुडवलेला रस मोठ्या मडक्यात, पूर्वी मडकं अर्धं जमिनीत पुरलेलं असायचं, हलू नये म्हणून. तीन दिवस. बाहेरचं काही घालत नाही, आंबवण जे काय ते बोंडवाबरोबरच येतं. मग भाण, म्हणजे रस उकळून गाळायचं भांडं, चुलीवर चढतं. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा चढवला की फेणी.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला हे सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये राज्याने वारसा पेय म्हटलं. पण वाइनच्या इतिहासात आमचं काय काम, ते तुम्हीच सांगा.

माटोळी

दादा, तुम्ही लिहिलेलं तीन वेळा वाचलं. वाइनच्या इतिहासात तुमचं काय काम, ते सांगते.

आर्मेनियात अरेनी नावाच्या गावाजवळ एक गुहा आहे. तिथे इ.स.पू. ४१०० च्या सुमाराची वाइन करायची जागा मिळाली, २०११ साली ती जाहीर झाली. ती जागा कशी आहे? मातीचा लिंपलेला, कडा उचललेला, उतार दिलेला उथळ खळगा. त्यात द्राक्षं पायांनी तुडवायची. उताराच्या टोकाला जमिनीत पुरलेलं खोल मडकं. रस आपोआप त्यात उतरायचा आणि तिथेच आंबायचा. आजूबाजूला द्राक्षाच्या बिया आणि चोथा. तुमच्या आजोबांचा खळगा तिथे नेऊन ठेवला तर त्या माणसांना तो कसा वापरायचा हे कुणी शिकवावं लागणार नाही.

जॉर्जियात आजही क्वेव्री नावाचे प्रचंड रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात देतात. पांढरी द्राक्षं सालीसकट त्यात महिनोन्महिने राहतात आणि वाइन जवसाच्या तेलासारखी सोनेरी-तांबूस होते. पुरलेल्या मडक्याभोवतीची माती तापमान सांभाळते. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतातही रोमन काळापासून मातीच्या मोठ्या रांजणात वाइन करतात आणि ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, रांजण उघडतात.

काजू नवा असेल, पण पायांनी तुडवणं, उतार, पुरलेलं मडकं, फळाबरोबर आलेलं आंबवण, हे सगळं ज्ञान गोव्यातल्या डोंगरांवर अजून माणसांच्या हातात आहे. मला वाइनचा इतिहास पुस्तकातून समजून घ्यावा लागतो. तुमच्या घरी तो दरवर्षी मार्चमध्ये सुरू होतो. पुढच्या हंगामात मी यायचं म्हणते, चालेल ना?

सत्तरीचा वारा

चालेल काय, याच. मुलांनाही घेऊन या. निरो त्यांच्यासाठी.

दिंडीतला

धागा अभ्यासपूर्ण आहे, मान्य. पण मनापासून लिहितो, राग मानू नका. आमच्या गावात बाटलीने उद्ध्वस्त झालेली घरं मी मोजू शकत नाही. इतिहास, संस्कृती, वारसा असे शब्द जोडले की दारूला प्रतिष्ठा मिळते. तरुण मुलं हे वाचतात. त्यांनी यातून काय घ्यायचं?

माटोळी

दिंडीतला, राग कशाचा? माझ्या आजोळीही माळकरी माणसं आहेत आणि तुम्ही म्हणता तशी घरं मीही पाहिली आहेत. दारूचा कोणताही डोस आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. वाइन त्याला अपवाद नाही. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य मी या धाग्यात लिहिणार नाही आणि कुणी लिहिलं तर विरोध करेन.

मी स्वतः चव घेते ती घोटभर, शिकण्यासाठी. पण या इतिहासाचा नव्वद टक्के भाग एक थेंबही न पिता कळतो. खापर वाचता येणं, व्यापाराची वाट ओळखणं, बनवणाऱ्याचं नाव जपणं, तरुणांनी यातून हे घ्यावं असं मला वाटतं. कौटिल्याने इतके निर्बंध घातले म्हणजे तुमची चिंता त्याच्याही काळात होती. तोही या इतिहासाचाच भाग आहे आणि तुम्ही तो इथे आणलात हे बरं झालं.

दिंडीतला

उत्तर पटलं. वाचत राहीन.

रसशाळा

दिंडीतला, आणखी एक. आपल्याकडे द्राक्ष आंबवण्याची परंपरा औषधाच्या कपाटात टिकली. द्राक्षासव, द्राक्षारिष्ट यांत धायटीची फुलं घालतात आणि आंबताना मद्यार्क आपोआप तयार होतो. तो जपून आणि मापाने घ्यायचा असतो म्हणूनच बाटलीबरोबर माप येतं.

नाशिकची द्राक्षी

दिंडोरी तालुक्यातून लिहिते आहे. आमच्याकडे आधी थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, होती, आता काही एकर वाइनची द्राक्षं आहेत, शेनिन ब्लां आणि शिराझ.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, सगळी पानं गाळते. आपल्याकडे तिला झोपच नाही. म्हणून वर्षाला दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिने काडी तयार होते. मग पाऊस सरत आला की गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. काढणी जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात, तेव्हा आम्ही कात्री हातात घेऊन सुरुवात करत असतो. वेलीचं सगळं पंचांग आम्ही फिरवून घेतलं आहे.

गोव्यात ही वेल का नाही, हेही सांगते. साधारण ३००० मिलीमीटर पाऊस आणि वर्षभर दमट हवा. डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांना तेवढंच हवं असतं. आमच्याकडे गोडी छाटणीनंतर अवकाळी आला तरी रात्रीची झोप उडते आणि पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर काढावा लागतो. तुमच्याकडे तर वेल तग धरणंच कठीण.

तो कापिशायनचा उल्लेख वाचून फार बरं वाटलं. द्राक्ष परदेशी पीक आहे, तुम्ही कशाला त्यामागे लागलात, असं आम्हाला गावात ऐकवतात. आता पाणिनीचं नाव सांगेन.

माटोळी

जरूर सांगा! आणि द्राक्षाच्या लागवडीबद्दल एक नवी गोष्ट. २०२३ साली काही हजार वाणांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार माणसाने रानटी द्राक्षवेल सुमारे ११,००० वर्षांपूर्वी, कॉकेशस आणि पश्चिम आशिया अशा दोन ठिकाणी, जवळपास एकाच काळात माणसाळवली. रानवेलींत नर आणि मादी वेगवेगळ्या असतात. शेतकऱ्याने दोन्ही एकाच फुलात असलेल्या वेली निवडून काढल्या, म्हणून आज तुमच्या प्रत्येक वेलीला घड लागतो. ती निवड तुमच्यासारख्याच कुणीतरी केली होती.

पेडण्याची

बाय माटोळी, सगळा धागा एका बसणीत वाचला. आमच्या शेजारी किरिस्तांव कुटुंब आहे, नाताळात त्यांच्याकडून केक येतो आणि पूर्वी आजीसाठी पोर्ट वाइनची छोटी बाटलीही यायची. गोव्यात द्राक्ष होत नाही हे नाशिकच्या ताईंनी सांगितलं. मग पोर्तुगीज आपली वाइन इथवर आणायचे तरी कशी? बोटीत सहा महिने, वर आपला उकाडा. ती टिकायची कशी? आणि एक घरगुती प्रश्न : माझ्या जावेने पोर्तुगालहून पोर्ट आणि मदेरा अशा दोन बाटल्या आणल्यात. उघडल्या तर इथल्या हवेत किती दिवस राहतील?

माटोळी

पेडण्याची, हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वाट पाहत होते.

साधी वाइन उकाड्यात टिकत नाहीच. बारा ते पंधरा अंशांत ठेवायची वस्तू पस्तिसात गेली की शिजल्यासारखी होते. पोर्तुगीजांनी यावर उपाय काढला तो जोर वाढवण्याचा. पोर्टमध्ये रस अर्धवट आंबला की द्राक्षाचा कडक अर्क, साधारण ७७ टक्क्यांचा, त्यात ओततात. आंबवणारे सूक्ष्मजीव मरतात, उरलेली साखर तशीच राहते, म्हणून पोर्ट गोड आणि वीस टक्क्यांच्या आसपास जोराची. पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातल्या या मळ्यांच्या हद्दी १७५६ मध्ये पोंबाल या मंत्र्याच्या कारकिर्दीत कायद्याने आखल्या. तिथेही ग्रॅनाइटच्या हौदात पायांनी तुडवणं अजून पूर्ण गेलेलं नाही, हे सत्तरीच्या दादांसाठी. तुमच्या आजीकडे यायची ती गोव्यात तयार होणारी पोर्ट असावी. तिच्यासाठी द्राक्ष घाटावरून येतं, बहुतेक बंगळूर ब्लू, त्यामुळे तिचा वास आणि चव दोरूच्या पोर्टपेक्षा अगदी वेगळी.

पण मदेराची गोष्ट यापेक्षा मोठी आहे आणि ती आपल्या वाटेवर घडली. मदेरा हे अटलांटिकमधलं बेट, भारताकडे येणाऱ्या जहाजांच्या मार्गावरचं. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. मदेराची पिंपं जहाजाच्या तळाशी उष्ण कटिबंध ओलांडत, विषुववृत्त दोनदा पार करत. काही पिंपं न विकता परत जायची. ती परत गेलेली वाइन बिघडण्याऐवजी जास्त खोल, भाजलेल्या साखरेसारखी, अक्रोडासारखी झालेली असायची. लोकांना ती इतकी आवडली की मुद्दाम पिंपं या फेरीवर पाठवली जाऊ लागली आणि अशा वाइनला वेगळा भाव मिळू लागला. पुढे जहाजाचा खर्च वाचवायला बेटावरच वाइन तापवायची पद्धत निघाली. आजही स्वस्त प्रकार ४५ ते ५० अंशांच्या टाक्यांत निदान तीन महिने ठेवतात. उंची प्रकार पिंपात भरून उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवतात.

आपल्या समुद्राचा उकाडा त्या चवीत आहे. गोव्यात द्राक्ष पिकलं नाही, पण जगातली एक थोर वाइन जशी आहे तशी होण्यात भारताच्या वाटेचा वाटा आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ग्रंथालयातून मांडवीच्या बाजूने चालत घरी गेले, बसही घेतली नाही.

आता तुमच्या बाटल्या. पोर्ट लालसर, तरुण असेल तर उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. पिंगट, पिंपात मुरलेली टॉनी असेल तर महिनाभर तरी राहते. मदेरा महिनोन्महिने राहील. जे काही तिला होऊ शकतं ते आधीच होऊन गेलेलं असतं. बूच घट्ट लावा, बाटली उभी ठेवा, आणि लेबलवर सेर्सियाल, व्हेर्देल्यु, बुआल की माल्व्हाझिया काय लिहिलं आहे ते इथे कळवा. याच क्रमाने ती गोड होत जाते. सेर्सियाल असेल तर जेवणाआधी, माल्व्हाझिया असेल तर बेबिंकाबरोबर, आपल्या थरांच्या गोड केकबरोबर.

पेडण्याची

बुआल लिहिलंय.

माटोळी

मग बेबिंकाबरोबरच. नाहीतर दोदोल, नारळ-गुळाची आपली मिठाई.